भाग ३१ : स्क्वॉश कोर्टातलं नाटक आणि एका विभागाचं एक वर्ष

 

आजचा विषय जरा लांबच्या गावचा आहे. इंग्लंडमधलं ब्रिस्टल, साल १९५७, आणि तिथल्या विद्यापीठाच्या नाट्यविभागाचं एक वर्ष. तुम्ही म्हणाल, ही बाई आता आपल्याला वार्षिक अहवाल वाचून दाखवणार की काय! नाही, वाचणार नाही. पण अहवालावर थोडं बोलणार मात्र आहे, ते पुढे येईलच.

आधी त्या विभागाबद्दल. १९४७ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने नाटक हा विषय सुरू केला. ब्रिटनमधल्या कुठल्याही विद्यापीठातला हा पहिला नाट्यविभाग. शेक्सपिअरच्या देशात १९४७ पर्यंत एकाही विद्यापीठात नाटकाचा स्वतंत्र विभाग नव्हता, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटेना. कारण असं की नाटक हे 'साहित्य' म्हणून इंग्रजीच्या वर्गात शिकवायचं, आणि 'करायचं' कुठे, तर नाट्यशाळेत किंवा संध्याकाळच्या क्लबात. विद्यापीठाने हात मळवून घ्यायचे नाहीत. आपल्याकडे 'नाटकात पदवी? मग पोटापाण्याचं काय?' असं विचारतात, त्यांच्याकडे 'नाटकात पदवी? मग अभ्यास काय?' असं विचारायचे. प्रश्न वेगळे, नाक मुरडणं तेच.

त्या विभागाचे सुरुवातीपासूनचे मुख्य माणूस म्हणजे ग्लिन विकम. हे गृहस्थ मध्ययुगीन रंगभूमीचे इतिहासकार. जुन्या इंग्लंडमध्ये नाटकं कुठे व्हायची, गाडीवर की चौकात, मंच कसा बांधायचे, पैसे कोण द्यायचं, हा त्यांचा अभ्यास. त्यावरच्या त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड १९५९ मध्ये आला. १९६० मध्ये ते ब्रिटनमधले नाटक या विषयाचे पहिले प्राध्यापक झाले. आता असा माणूस विभागप्रमुख असला की विभाग धुळकट कागदांत बुडेल असं वाटतं ना? पण विकम यांचं म्हणणं उलटं होतं. जुनं नाटक समजून घ्यायचं असेल तर ते उभं करून बघावं लागतं. मंचाच्या तीन बाजूंना प्रेक्षक बसले तर नट कुठे बघतो, हे पुस्तकात नाही कळत. त्यामुळे विभागाला एक प्रयोगशाळा हवी होती. केमिस्ट्रीला असते तशी.

आणि ती प्रयोगशाळा म्हणजे काय, तर एक जुनं स्क्वॉश कोर्ट. चार भिंती, उंच छत, खिडकी नावाला. स्क्वॉश खेळायला लागते तेवढीच जागा. तिथे दिवे लावले, बसायची सोय केली, आणि झाला 'ड्रामा स्टुडिओ'. शिवाय १९५१ मध्ये विभागाने रंगभूमीविषयक वस्तू आणि कागदपत्रांचा एक संग्रह सुरू केला. तो आजही आहे आणि ब्रिटनमधल्या महत्त्वाच्या नाट्यसंग्रहांपैकी एक आहे. हा संग्रह लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर १९५६-५७ या शैक्षणिक वर्षात या विभागात हेन्री वुल्फ नावाचा एक विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षण घेत होता. वय सव्वीस-सत्तावीस. म्हणजे साधारण माझ्याएवढाच. बुटका, बडबड्या, पूर्व लंडनच्या हॅक्नी भागातला. त्याला एक नाटक बसवायचं होतं. विभागाला त्याने सांगितलं, माझ्या ओळखीचा एक जण आहे, तो लिहून देईल. गंमत अशी की त्या ओळखीच्या माणसाने आयुष्यात एकही नाटक लिहिलेलं नव्हतं. तो होता वुल्फचा शाळेपासूनचा मित्र. हॅक्नी डाउन्स नावाच्या शाळेत दोघं एकत्र. मित्र कविता करायचा, एक कादंबरी लिहून बाजूला ठेवलेली, आणि पोटासाठी 'डेव्हिड बॅरन' या नावाने नटाचं काम करायचा. खरं नाव हॅरॉल्ड पिंटर.

पिंटर तेव्हा टॉर्की नावाच्या समुद्रकाठच्या गावी एका रेपर्टरी कंपनीत होता. रेपर्टरी म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे ही पद्धत नाही. आपल्या नाटक कंपन्या गावोगाव फिरायच्या. त्यांची रेपर्टरी कंपनी एका गावात मुक्काम ठोकून बसायची आणि नाटक बदलायची. आठवड्याला, फार तर पंधरवड्याला नवं नाटक. सकाळी पुढच्या नाटकाची तालीम, रात्री चालू नाटकाचा प्रयोग, मधल्या वेळात संवाद पाठ करायचे आणि जेवायचं. अशा माणसाला मित्राने पत्र पाठवलं, की नाटक दे. पिंटरने कळवलं, सहा महिन्यांच्या आत शक्य नाही. आणि मग काही दिवसांत नाटक पोस्टाने हजर! दोन दिवसांत लिहिलं की चार, याबाबत दोघा मित्रांच्या आठवणी जुळत नाहीत. चार धरू. चार दिवस.

नाटकाचं नाव 'द रूम'. एकांकिकाच म्हणायची.

याचं बीज कुठलं, तर पिंटर एकदा लंडनमधल्या एका पार्टीत गेला होता. तिथे एका छोट्या खोलीचं दार उघडलं तर आत दोन माणसं. एक लहानखुरा माणूस अनवाणी, सतत बोलतोय आणि दुसऱ्याला खायला करून देतोय. दुसरा धिप्पाड, डोक्यावर टोपी, टेबलाशी बसलेला, एक शब्द बोलत नाही. बस. एवढंच दृश्य. तो बोलणारा माणूस म्हणजे क्वेंटिन क्रिस्प, जो पुढे लेखक म्हणून प्रसिद्ध झाला. पिंटरच्या डोक्यात ती खोली राहिली.

नाटकात त्या बोलणाऱ्या माणसाच्या जागी आली रोझ नावाची साठीची बाई. बाहेर कडाक्याची थंडी. ती नवऱ्याला, बर्टला, खायला घालतेय आणि बोलतेय. खोली किती उबदार आहे, खाली तळघरात किती ओल असेल, तिथे आता कोण राहत असेल कुणास ठाऊक, आपण आपले इथे बरे. बर्ट ढिम्म. मासिक वाचतोय. आपल्या घरातसुद्धा हे दृश्य बघितलेलं आहे हो आपण! आजी बोलतेय, आजोबा पेपरात. पहिली काही मिनिटं प्रेक्षक हसतो. मग किड नावाचा म्हातारा घरमालक येतो, किती मजले आहेत हेही त्याला नीट सांगता येत नाही. बर्ट गाडी घेऊन बाहेर पडतो. मग एक जोडपं येतं, भाड्याने खोली शोधत. आणि बोलता बोलता ते सांगतात, की खाली तळघरात अंधारात एक माणूस होता, तो म्हणाला सात नंबरची खोली रिकामी आहे.

सात नंबरची खोली म्हणजे रोझची खोली.

मी हे नाटक पहिल्यांदा वाचलं ते पुणे-मुंबई रेल्वेप्रवासात, आणि या जागी मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले होते. कुणी ओरडत नाही, सुरा काढत नाही. फक्त एक माहिती येते. तुम्ही जिथे राहताय ती जागा कुणाच्या तरी हिशेबात रिकामी आहे. पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये अकरा-अकरा महिन्यांचे करार करत राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी तळघरातला माणूस वर येतो. रायली. कृष्णवर्णीय आणि आंधळा. तो रोझला वेगळ्याच नावाने हाक मारतो आणि निरोप देतो, की तुझ्या वडिलांनी तुला घरी बोलावलंय. ती का चिडते, मग का विरघळते, नाटक सांगत नाही. बर्ट परत येतो आणि पहिल्यांदा तोंड उघडतो, तर आपल्या गाडीबद्दल बोलतो. मग रायलीला मारतो. आणि रोझ म्हणते मला दिसत नाहीये. पडदा. म्हणजे, पडदा नव्हताच तिथे, स्क्वॉश कोर्ट होतं.

पहिला प्रयोग १५ मे १९५७. दिग्दर्शक हेन्री वुल्फ, किडही त्यानेच केला. रोझ केली सुझन एंगल हिने, जी पुढे ब्रिटिश रंगभूमीवरची मोठी अभिनेत्री झाली. जोडप्यातली बायको होती ऑरिअल स्मिथ, जिने पुढे १९७१ मध्ये सॅम वॉल्टर्स यांच्याबरोबर लंडनजवळ रिचमंडला ऑरेंज ट्री थिएटर सुरू केलं. आणि रायली केला जॉर्ज ऑडलम याने. ऑडलम कॅरेबियन समुद्रातल्या सेंट लुशिया बेटावरून ब्रिस्टलला शिकायला आलेला मुलगा. १९७९ मध्ये सेंट लुशिया स्वतंत्र झालं आणि त्याच वर्षी हा तिथला उपपंतप्रधान झाला! पुढे बरीच वर्षं परराष्ट्रमंत्रीही होता. एका कॉलेजच्या एकांकिकेत एक भावी नोबेलविजेता लेखक, एक भावी परराष्ट्रमंत्री, एक भावी थिएटर-संस्थापक. आणि त्या वेळी बघणाऱ्याला काय दिसत असेल? परीक्षेच्या तोंडावर नाटकं करणारी पोरं.

ऑडलमबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, कारण ब्रिस्टल म्हटलं की ती आठवतेच. याच शहरात १९६३ मध्ये बस कंपनी कृष्णवर्णीय माणसांना कंडक्टर-ड्रायव्हर म्हणून घेत नव्हती, म्हणून लोकांनी बसवर बहिष्कार टाकला आणि कंपनीला नमवलं. त्याच्या सहा वर्षं आधी, त्याच शहरात, तळघरातून वर येणारा तो माणूस सेंट लुशियाचा एक विद्यार्थी करत होता, ज्याला मारल्यावर नाटक संपतं. प्रेक्षकांतल्या कुणाला त्यात काय दिसलं असेल, हा विचार मला सारखा येतो.

बरं, पुढे काय झालं? ते महत्त्वाचं आहे, कारण गोष्ट इथे थांबली असती तर आज मी त्यावर बोलत नसते.

त्याच गावात ब्रिस्टल ओल्ड व्हिक थिएटर स्कूल होतं. १९४६ मध्ये सुरू झालेली, नट घडवणारी व्यावसायिक शाळा. डिसेंबर १९५७ मध्ये त्यांनी 'द रूम' स्वतः बसवलं, वेगळा संच, वेगळा दिग्दर्शक. आणि ते नेलं राष्ट्रीय विद्यार्थी नाट्यमहोत्सवात, जो 'संडे टाइम्स' या वृत्तपत्राच्या पाठबळावर चालायचा. तिथे आला होता त्या पेपरचा नाट्यसमीक्षक हॅरॉल्ड हॉब्सन. त्याने नाटक बघितलं आणि पेपरात त्यावर मनापासून लिहिलं. ते वाचलं मायकेल कोड्रन या तरुण निर्मात्याने. त्याने पिंटरला विचारलं, पूर्ण लांबीचं नाटक आहे का? होतं! कारण 'द रूम' लिहून झाल्यावर पिंटर थांबला नव्हता. त्याच वर्षात, नाटकाचे दौरे करता करता, त्याने 'द बर्थडे पार्टी' आणि 'द डम वेटर' ही दोन्ही लिहून टाकली होती. मित्राने एक नाटक मागितलं आणि बूच निघालं.

'द बर्थडे पार्टी' एप्रिल १९५८ मध्ये केंब्रिजला आलं, तिथे बरं गेलं. मे महिन्यात लंडनला, हॅमरस्मिथच्या लिरिक थिएटरमध्ये आलं आणि साफ आपटलं. समीक्षकांनी धुतलं. आठ प्रयोगांत बंद. गुरुवारच्या दुपारच्या प्रयोगाला सहा प्रेक्षक. सहा! आणि नाटक शनिवारी बंद झाल्यावर रविवारी 'संडे टाइम्स'मध्ये हॉब्सनचा लेख आला, की लंडनच्या रंगभूमीवर या माणसाएवढी अस्सल प्रतिभा दुसऱ्या कुणाकडे नाही, अशा अर्थाचा. उशीर झाला होता, पण पिंटर लिहीत राहिला. १९६० मध्ये 'द केअरटेकर' गाजलं. १९६२ मध्ये त्याच विद्यार्थी महोत्सवात, ब्रिस्टललाच, त्याला भाषणाला बोलावलं. २००५ मध्ये नोबेल.

आता येते अहवालावर.

माझा एक मित्र एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकवतो. नाव, गाव काही सांगत नाही, उगाच त्याला त्रास नको. दर वर्षी त्यांना वर्षभरातल्या 'उपलब्धीं'चा एक तक्ता वर पाठवावा लागतो. यंदा त्याने तो मला पाठवला, एक्सेलमध्ये बेरजा लावून दे म्हणून. इंजिनीअर मैत्रीण असण्याचा हा एक फायदा, असं त्याला वाटतं. रकाने असे: राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पुरस्कार, शोधनिबंध, सामंजस्य करार, कार्यशाळा, प्लेसमेंट, आणि एक रकाना 'लाभार्थी संख्या'. मी विचारलं, लाभार्थी म्हणजे प्रेक्षक का रे? तो म्हणाला, "मला पण माहीत नाही, मी तिकिटं मोजून टाकतो." आमची परीक्षार्थी नाटकं, म्हणजे विद्यार्थी वर्षअखेरीला बसवतात ती, ती कुठे टाकायची, तर 'इतर'.

त्या रात्री बेरजा लावता लावता माझ्या डोक्यात ब्रिस्टल फिरत होतं. जून १९५७ मध्ये विकम यांना असा तक्ता भरायला दिला असता, तर 'द रूम' कुठे बसलं असतं? पुरस्कार नाही. निबंध नाही. करार नाही. लेखक विभागाचा विद्यार्थीही नाही, टॉर्कीतला एक पोटार्थी नट. लाभार्थी म्हणाल तर एका स्क्वॉश कोर्टात मावतील तितके. 'इतर'.

आणि मे १९५८ मध्ये भरायला दिला असता तर? आणखी वाईट. 'विभागात प्रथम सादर झालेल्या लेखकाचं पुढचं नाटक आठ प्रयोगांत बंद.' तो आकडा खरा आहे, खोटा नाही. मी रोज आकड्यांवर काम करते, आमच्या टीमच्या भिंतीवर मोठा डॅशबोर्ड आहे, त्यामुळे आकडे वाईट असतात असं म्हणणारी मी नाही. पण आमच्याकडे एक गोष्ट पहिल्या महिन्यात शिकवतात. एखादा बदल केल्यावर त्याचा परिणाम किती वेळाने दिसतो, ते माहीत नसेल तर त्या मोजमापावर निर्णय घेऊ नका. ब्रिस्टलच्या त्या संध्याकाळचा परिणाम पेपरात दिसायला साडेसात महिने लागले, तिकीटबारीवर दिसायला तीन वर्षं, आणि स्टॉकहोमला पोचायला अठ्ठेचाळीस. तक्ता मात्र दर ३० जूनला.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं आणि ते मला पटत नाही. ते असं, की प्रतिभा कुठूनही वाट काढतेच, पिंटर काय आज ना उद्या झालाच असता. असेलही. पण बघा ना, सव्वीस वर्षांचा होईपर्यंत त्याने नाटक लिहिलं नव्हतं. रोज रात्री मंचावर उभा राहत होता, दुसऱ्यांची शेकडो पानं पाठ करत होता, कविता लिहीत होता, कादंबरी लिहीत होता, पण नाटक नाही. का? मला वाटतं कारण साधं आहे. कुणी मागितलं नव्हतं. आणि वुल्फने मागितलं ते कशाच्या जोरावर? त्याच्याकडे जागा होती, तारीख होती, नट होते. 'लिहिलंस तर बघू' आणि 'अमुक तारखेला करायचंय, दे' या दोन वाक्यांत फार फरक आहे. दुसरं वाक्य बोलण्याची ऐपत विद्यापीठाने एका विद्यार्थ्याला दिली होती.

आमच्या कामात प्रॉडक्शन आणि स्टेजिंग असे दोन सर्व्हर असतात. दोन्ही शब्द नाटकवाल्यांचे वाटतात ना? लोक वापरतात ते प्रॉडक्शन. त्याआधी जिथे सगळं तसंच्या तसं असतं पण पडलं तरी कुणाचं नुकसान होत नाही, ते स्टेजिंग. लिरिक थिएटर हे प्रॉडक्शन होतं. तिथे पडलं तर आठवड्यात बंद. स्क्वॉश कोर्ट हे स्टेजिंग. नाट्यविभागाचं खरं काम मला हेच वाटतं, की पडलं तरी चालेल अशी जागा चालू ठेवायची.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे एकांकिका स्पर्धा. पुरुषोत्तम असेल, फिरोदिया असेल. मी इंजिनीअरिंगला तीन वर्षं फिरोदियाला लाइट्स ऑपरेट केलेत, त्यामुळे त्या दिवसांबद्दल वाकडं बोलणं मला जमणार नाही. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तमच्या वेळी जो आवाज होतो तो ज्याने ऐकलाय त्याला कळेल. मराठी रंगभूमीला किती लेखक-नट या स्पर्धांनी दिले, त्याची मोजदाद करायला बसलं तर आजचा भाग संपणार नाही. पण स्पर्धेला निकाल असतो, आणि तो लगेच असतो. त्यामुळे पोरं लेखकाला काय मागतात? 'परीक्षकांना आवडेल असं दे.' शेवट स्पष्ट हवा, टाळी हवी. रोझला अचानक का दिसेनासं होतं हे न सांगता संपणारं नाटक कुणी मुद्दाम मागत नाही. ते लिहायला निकालच नसलेली जागा लागते, आणि अशी जागा विद्यापीठाचा विभागच देऊ शकतो.

आणि आपल्याकडे असे विभाग आहेत. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. तिथे १९९६ ते २००९ या काळात सतीश आळेकर प्रमुख होते. आळेकर मूळचे बायोकेमिस्ट्रीवाले, पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात संशोधनाचं काम करत होते आणि नाटक करत होते. नंतर नोकरी सोडून विद्यापीठात आले. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत प्रयोग फसणं हा कामाचाच भाग असतो, हे ज्याला हाताने माहीत आहे असा माणूस नाट्यविभाग चालवतो, हे मला फार आवडतं. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ मध्ये सुरू झाली, वामन केंद्रे तिचे पहिले संचालक. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाड्याच्या विद्यापीठाचा नाट्यविभाग आहे. तिथून बाहेर पडलेली मुलं तुम्ही मराठी सिनेमात आणि मालिकांत रोज बघता.

मित्राशी या सगळ्यावर फोनवर बोलले, तर तो वैतागला. म्हणाला, "तुला सोपं आहे गं बोलायला. तक्ता रिकामा गेला तर पुढच्या वर्षी ही खोलीसुद्धा राहणार नाही. तिथे संगणक कक्ष होईल." आणि त्याचं बरोबर आहे. ब्रिस्टलच्या विभागालासुद्धा स्वतःला 'अभ्यास' म्हणून सिद्ध करावंच लागलं असणार. विकम यांचे जाडजूड ग्रंथ होते म्हणून स्क्वॉश कोर्टाला हात लावायची कुणाची छाती झाली नसेल, असा माझा अंदाज आहे. निबंध, पुरस्कार, करार हे त्या खोलीचं भाडं आहे. ते भरावंच लागतं. फक्त भाडं भरलं हीच उपलब्धी, असं विभागाला स्वतःलाच वाटायला लागलं की पंचाईत.

मग मी त्याला दोन गोष्टी करायला सांगितल्या. म्हणजे, सांगितल्या कसल्या, गळ घातली. एक, तक्त्याच्या शेवटी स्वतःचा एक रकाना घाल, कुणी मागितला नसला तरी: वर्षभरात किती संध्याकाळी खोली विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या नाटकाला मिळाली. यंदाचा आकडा त्याने काढला तर तो अकरा निघाला. तो स्वतःच चकित झाला, त्याला वाटत होतं तीस-चाळीस असेल. हा आकडा खोटा फुगवता येत नाही, आणि तो वाढवायला निधी लागत नाही, किल्ली लागते.

दुसरी गोष्ट नोंदीची. मघाशी मी तुम्हाला सांगितलं ना, किड कुणी केला, रायली कुणी केला? हे आज आपल्याला माहीत आहे कारण पहिल्या प्रयोगाची तारीख, जागा आणि नटांची नावं नोंदली गेली. आणि ब्रिस्टलच्या विभागाला तर १९५१ पासून कागद जपायची सवयच होती. माझ्या मित्राच्या विभागात गेल्या दहा वर्षांतल्या विद्यार्थी-नाटकांची यादी मागितली तर ती तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत आणि एका निवृत्त शिपायांच्या आठवणीत सापडली. शिपाईकाका खरे अभिलेखागार! त्यांच्याकडून आम्ही दोन रविवार बसून लिहून घेतलं. नाटक, तारीख, लेखक, दिग्दर्शक, सगळे नट, दिवे कुणी केले, चहा कुणी दिला इथपर्यंत. साधी शीट आहे, कुणालाही करता येईल. आत्तापर्यंत चौऱ्याहत्तर नाटकं झालीत. त्यातलं कुठलं 'द रूम' आहे ते मला माहीत नाही, त्यालाही नाही, आणि कदाचित एकही नसेल. तरी काकांना एका मुलाचं नाव आठवत नव्हतं तेव्हा आम्ही तिघंही अस्वस्थ होऊन अर्धा तास फोन फिरवत होतो. नंदुरबारला शिक्षक आहे तो आता. सापडला.

जाता जाता हेन्री वुल्फचं सांगायचं राहिलं. तो आयुष्यभर नट राहिला, पिंटरचा मित्र राहिला. १९७३ मध्ये बीबीसीवर आलेलं पिंटरचं 'मोनोलॉग' त्यानेच केलं, आख्खं एकट्याने, समोर एक रिकामी खुर्ची. नंतर तो कॅनडाला गेला, सस्कॅचवन विद्यापीठात नाटक शिकवायला लागला, आणि पुढे त्या नाट्यविभागाचा प्रमुख झाला. २०२१ मध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी गेला. म्हणजे तक्ते भरायची वेळ शेवटी त्याच्यावरही आली असणार.

तुमच्या कॉलेजच्या नाटकांची अशी यादी कुणी केली असेल, किंवा करायची असेल, तर मला कळवा, रिकामी शीट पाठवते. पुढच्या भागात लाइट्सबद्दल बोलू या, डिमरच्या जमान्यातल्या आणि आत्ताच्या. तोवर, नमस्कार.